सहा किलोंची वाट

मित्रांनो, पावस गावातल्या एका छोट्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला जुना वजनकाटा म्हणजे मी. माझी तबकडी पिवळी पडली आहे, खालचं रबर झिजलं आहे. सुई मात्र अजून खरं बोलते.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एसटीच्या टपावरून मी इथे आलो आणि वीस वर्षं दाराशी उभा राहिलो. गरोदर बायका, शाळकरी मुलं, आंब्याच्या बागांतले गडी, सगळ्यांना मी तोललं. पण मन ओढ घेतं ते हर्षद आणि त्याची लेक मृणाली यांच्याकडे.

हर्षद मालवाहू जहाजावर खलाशी. वर्षातले आठ महिने तो समुद्रावर असे. चार वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब फार वाढलेला निघाला, साखरही. बरे होऊन या, असं सांगून त्याला परत पाठवलं. तो माझ्यावर उभा राहिला तेव्हा सुई अठ्ठ्याऐंशीवर गेली. माणूस घरात आहे पण घरात नाही, दिवसभर समुद्राकडे बघत बसतो, असं त्याची बायको राजश्री डॉक्टरीणबाईंना सांगत होती.

वीस किलो तरी उतरवावे लागतील आणि ते आपल्याला जमणार नाही, असं हर्षदने मनात धरलं होतं.

"वीस कोण सांगतंय तुम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाच-सहा उतरवा. तेवढ्यानेसुद्धा रक्तदाब आणि साखर खाली येते. गोळी चालू ठेवा आणि चालायला लागा."

दुसऱ्या दिवसापासून तो चालू लागला. दहा वर्षांची मृणाली सोबत. पहाटे उतारावरून समुद्रापर्यंत आणि परत चढून घरी. राजश्री भात एक डाव कमी वाढू लागली, माशाच्या तळलेल्या तुकडीऐवजी कालवण करू लागली. दर पंधरा दिवसांनी शनिवारी बापलेक माझ्याकडे येत. तो उभा राही आणि मृणाली वाकून सुई वाची.

पहिल्या महिन्यात जेमतेम एक किलो उतरला. चुलतभावाच्या लग्नात तोही परत चढला. हर्षद खट्टू झाला, पण मृणाली सकाळी चपला घालून दारात उभी राही, मग त्याला उठावंच लागे. हळूहळू त्याचं घोरणं कमी झालं. अर्ध्या चढणीवर बसायचा तो आता न थांबता वर येऊ लागला. गुडघेही कुरकुरेनासे झाले.

पाचव्या महिन्यात तो उभा राहिला आणि माझी सुई बरोबर ब्याऐंशीवर थांबली. मृणाली वाकली. खूप वेळ बघत राहिली.

"पंच्याऐंशी," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड नाही याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. हर्षद खाली उतरला आणि चपला शोधू लागला. त्याचा चेहरा पाहून मृणालीला राहवलं नाही.

"ब्याऐंशी आहे, बाबा. मी खोटं सांगितलं. तुम्ही बरे झालात की जाणार ना, म्हणून."

हर्षद माझ्याशेजारी जमिनीवरच बसला. त्याने तिला जवळ ओढलं.

"गेलो तर परत येईन गो बाय," तो म्हणाला. "पण तसाच आजारी राहिलो असतो, तर घरात राहूनसुद्धा तुला किती दिवस मिळालो असतो?"

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला. तो ताब्यात आला होता. साखरही उतरली होती. पुढच्या तपासणीत हर्षद पास झाला आणि गणपती झाल्यावर बोटीवर गेला.

त्यानंतर दवाखान्यात आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मी मागच्या खोलीत आलो. दार उघडं असलं की पुढच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. परवा मृणालीचा आवाज ऐकला, चांगला मोठा झाला आहे. राजश्रीला तपासायला घेऊन आली होती. बाबा डेकवर रोज चालतात आणि मी इथे आईला चालवते, असं ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती. मला तिला एकदा बघायचं होतं. पण पुढचं काम झाल्यावर मागे कोण येतं?

माझं असू द्या. तुमच्या घरात कोणी जडावलेलं, दमलेलं असेल तर त्याला हसू नका, मोठमोठे आकडे सांगून घाबरवूही नका. उद्या सकाळी त्याच्याआधी चपला घालून दारात उभे राहा.