एजवेअरमधला खंडाळ्याचा खडक

मी एक चित्र बोलतोय. सर्रिअलिस्ट चित्र. नाव ऐकून दबकू नका, घरी येणारे पाहुणेही दबकतात. आधी मान डावीकडे वाकवतात, मग उजवीकडे, आणि शेवटी हळूच विचारतात, "उलटं तर नाही ना टांगलं?" नाही हो, सुलटंच आहे.

माझा जन्म लंडनमधला, १९४१ सालचा. लढाई ऐन भरात होती. कॅनव्हास मिळेना, म्हणून ऑड्री व्हिटलॉक नावाच्या चित्रकार मुलीने चहाच्या खोक्याची प्लायवुडची फळी घेतली. तिच्यावर काळा-हिरवा पातळ रंग फासला, बॉम्बने फुटलेल्या खिडकीची काच त्यावर दाबली आणि झटकन वर उचलली. ओला रंग काचेबरोबर ओढला गेला आणि माझ्या अंगभर फांद्या, शेवाळ, पोवळी, कपारी आपोआप उमटल्या. ब्रशचा एक फटकारा नाही! मग दोन दिवस ती माझ्याकडे नुसती बघत बसली. त्या नक्षीत काय दडलंय ते शोधायचं आणि सापडेल तेवढंच बारीक ब्रशने मोकळं करायचं, ही तिची रीत.

तिला सापडला समुद्राचा तळ. तिचा धाकटा भाऊ आर्थर ज्या जहाजावर होता ते अटलांटिकमध्ये बुडालं होतं आणि त्याचा काहीच पत्ता लागला नव्हता. तिने त्या तळाशी त्याची जेवणाच्या टेबलाची खुर्ची रंगवली. रिकामी, पिवळ्या उजेडातली. वर गुळगुळीत निळं पाणी. कोपऱ्यात सही केली आणि मला तोंड फिरवून ठेवलं. तेवीस वर्षं मी भिंत पाहिली. भिंतीबद्दल सांगण्यासारखं फार नसतं.

१९६४ साली ऑड्री इस्पितळात असताना तिच्या घरमालकिणीने अडगळ म्हणून मला चर्चच्या जंबल सेलला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या विक्रीला, देऊन टाकलं. जुन्या टोप्या आणि एका मुक्या रेडिओच्या मध्ये मी पडलो होतो. तिथे अलिबागकडून लंडनच्या एजवेअर उपनगरात राहायला आलेल्या शुलामीथबाई माझ्यासमोर थबकल्या.

"अगं बाई! हा तर आपला खंडाळ्याचा खडक!"

शुलामीथबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. एलियाहू हन्नबी हा त्यांचा पाठीराखा संदेष्टा. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकून आकाशात गेला आणि खडकावर चाकांच्या खुणा राहिल्या, असं त्यांच्यात मानतात. माझ्या कपारींत बाईंना त्या खुणा दिसल्या. त्याच्यासाठी रिकामी खुर्ची ठेवायचीही त्यांच्यात रीत, मग ही खुर्ची कोणाची, हे काय विचारायला हवं?

"घरात ओल, डॅम्प काय कमी आहे, म्हणून तू डॅम्पचं चित्र आणलंस?" पोस्टात नोकरीला असलेले त्यांचे यजमान सोलोमन म्हणाले.

"अहो, नीट बघा तरी! एलियाहू हन्नबीची जागा आहे ती."

झालं, फ्रंट रूममध्ये गॅस फायरच्या वर माझी स्थापना झाली. घरातलं कोणी प्रवासाला, परीक्षेला निघालं की माझ्यापुढे मलिद्याचं तबक यायचं. भिजवलेले पोहे, नारळ, फळं. गूळ मिळाला तर गूळ, नाहीतर ब्राउन शुगर. सोलोमन हिब्रूत प्रार्थना म्हणायचे, बाई मराठीत पुटपुटायच्या. एवढा मान मिळाल्यावर कोण खरं सांगत बसेल? मी सुखात होतो आणि गप्प होतो.

घोळ झाला १९७२ साली. त्यांची मुलगी सारा नॉटिंगहॅमच्या आर्ट कॉलेजात गेली आणि सुट्टीत येऊन मला नाक लावून बघू लागली.

"ममी, हे चित्र डेकॅल्कोमानिया आहे! काच दाबून उमटवलेलं! इट्स प्रॉपर सर्रिअलिझम!"

"औषध आहे का त्याला?" सोलोमननी विचारलं.

साराने सही वाचली, चार ठिकाणी चौकशी केली आणि ऑड्रीला पत्र टाकलं. तिच्या थोरल्या भावाला, जोशुआला, ब्रॅकनेलला कंप्युटर कंपनीत नोकरी लागली होती. त्याच्या मलिद्याच्या रविवारी ऑड्री दारात उभी राहिली. केस पांढरे झाले होते. कोटही न काढता तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. ती इंग्रजीत बोलली, सारा मराठी करत गेली.

"मी किती शोधलं याला," ऑड्री म्हणाली. "मला हे परत हवंय. ती खुर्ची खरवडून वर पाणी रंगवणार आहे. वाट बघणं संपवायचंय मला."

खुर्ची गेली तर माझ्यात उरतंच काय?

शुलामीथबाईंचा चेहरा उतरला होता. "अहो, आठ वर्षं मी एका बुडालेल्या पोराच्या खुर्चीपुढे तबक ठेवलं! काय करून बसले मी! काढा ते खाली, ज्यांचं त्यांना देऊन टाका."

सोलोमन खुर्चीवर चढले. मी खिळ्यावरून सुटलोही. तेवढ्यात ऑड्रीने साराला विचारलं, "तुझी आई याच्यापुढे मागायची तरी काय?"

"ममी म्हणायची, जो बाहेर गेलाय तो सुखरूप घरी येऊ दे."

"आठ वर्षं?"

"एव्हरी टाइम."

ऑड्री मटकन सोफ्यावर बसली. "मी तर पहिल्याच वर्षी मागणं सोडून दिलं," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. शुलामीथबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. त्यांनी तिचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

"मिस व्हिटलॉक," सोलोमन मला कवटाळून तसेच उभे होते, "गुंडाळून देऊ?"

ऑड्रीने डोळे पुसले. "नको. होतं तिथेच लावा."

मग तबक माझ्यापुढे आलं. सोलोमननी प्रार्थना म्हटली. बाईंनी डोळे मिटले आणि, नेहमीसारखं न पुटपुटता, सगळ्यांना ऐकू जाईल असं मागितलं, "आमचा जोशुआ ब्रॅकनेलला जातोय, त्याला सुखरूप घरी आण. आणि यांचा आर्थर." भावाचं नाव ऑड्रीला कळलं. त्यासाठी साराची गरज पडली नाही.

नंतर तिने बशीभर मलिदा खाल्ला. "आर्थरला नारळ अजिबात चालायचा नाही," असं हसत सांगून आणखी मागून घेतला.

गेल्या वर्षी ऑड्री वारली. आता १९७९ उजाडलंय. माझा रंग दोन जागी तडकलाय, बाकी तब्येत ठीक. मी खडक नव्हे, समुद्र आहे, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तबक तरीही येतंच. कधी एजवेअरला आलात तर डोकावून जा. माझा अर्थ काय, ते विचारू नका. तुमच्या घरचं कोणी बाहेर गेलेलं असेल, कितीही वर्षांपूर्वी, तर त्याचं नाव मात्र शुलामीथबाईंना सांगा. त्या मागतील.