चाळिसाव्या दिवसाचा कागद

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी झ्द्रावकाला कॉम्प्युटरवरचे सगळे आयकॉन बंद पडलेले आढळले. दिसत होते जागच्या जागी, पण दाबला तर एकही उघडेना. त्यातल्याच एकात तिच्या नवऱ्याच्या, निकोदिमच्या, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा कागद होता: फोटो, चार ओळी आणि अकराच्या प्रार्थनेची वेळ. तो छापून इमारतीच्या दारावर लावायचा होता.

आदल्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचा स्तामेन प्रिंटर जोडून गेला होता. निकोदिमशी तीस वर्षं बुद्धिबळ खेळलेला माणूस. साडेआठला तो कागद चिकटवायला खळीचा डबा घेऊन उतरला, तेव्हा झ्द्रावका खाली दारातच उभी होती. शेजारच्या दोघी बायका सोबत होत्या.

"आलात? काल कशाकशाला हात लावलात हो? सगळं मेलंय."

"मी फक्त वायर जोडली, वहिनी."

"वायर! घरात पुरुष उरला नाही म्हटल्यावर लोक कुठे कुठे हात घालतात, कळतं मला."

एक बाई उगाचच खोकली. स्तामेनने डबा पायरीवर ठेवला आणि लिफ्ट उभी असूनही तो जिन्याने वर गेला.

नऊला वार्नाहून मुलीचा, रालित्साचा, फोन आला.

"आई, मोकळ्या जागी माउसचं उजवं बटण दाब. आयकॉन दाखवायचे, असं काहीतरी लिहिलेलं असेल. पुढे खूण आहे?"

"नाही."

"कर मग."

तिने केली. आता आयकॉन उघडू लागले. एक सरकवून पाहिला, तर खाली तस्साच दुसरा उरला.

"अगं, खालचं चित्र आहे! पडद्याचा फोटो काढून कुणीतरी मागे लावलाय आणि खरे आयकॉन लपवलेत. सकाळपासून तू चित्रातला पाव कापत बसलीयेस!" रालित्सा हसली. "कुणाचा हा उद्योग?"

झ्द्रावकाने माउसवरचा हात काढून घेतला. काल स्तामेन गेल्यावर तिनेच तो फोटो काढला होता. पुन्हा येऊन त्याने काही हलवलंच तर लगेच कळावं, म्हणून मागे लावला होता. मग मेनूत इथेतिथे दाबत राहिली होती, त्यातच खरे आयकॉन लपले असणार.

"आई? स्तामेनकाकांनी केलं का?"

"कागद छापते मी," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दहाला ती चौथ्या मजल्यावर गेली. बेल वाजवली. दाराच्या भिंगातला उजेड गेला, पुन्हा आला.

"भावोजी, मी आहे."

दार उघडलं नाही. चूक माझीच होती, एवढंच म्हणायचं होतं. जिना चढताना तिने ते दोनदा घोकलंही होतं.

"तुमचा डबा खालीच राहिलाय," ती म्हणाली.

ती पाच मिनिटं थांबली. मग खाली येऊन तिने कागद स्वतःच लावला.

अकराला चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली. शेजारच्या दोघी पुढच्या रांगेत होत्या. त्यांना तिने अजून काही सांगितलेलं नव्हतं. सव्वाअकरापर्यंत स्तामेन आलेला नव्हता.