तोंड असून मुकी माणसे

मित्रांनो, काच तडकलेला मी एक जुना मोबाईल. माझ्या पोटातून जे निरोप जातात, त्यांची मला आता शिसारी येते.

कारखान्यात घडताना मला कान आणि तोंड मिळाले, तेव्हा वाटले, माणसे माझ्यातून बोलतील. पुढे दादाने मला घेतले. नव्याच्या नवलाईत तो मला रुमालात गुंडाळून ठेवी. आता ग्रीसने माखलेला मी त्याच्या डब्याशेजारी पडून असतो.

दादा बंदरावर क्रेनखाली उभा राहतो आणि वरच्या चालकाशी वॉकीटॉकीवर बोलतो. तिथे पाल्हाळ लावणारा शिव्या खातो. 'समजलं' एवढेच म्हणायचे. त्याचा अर्थ, तुझे ऐकले, मी इथेच उभा आहे, निर्धास्त उचल.

त्याच्या धाकट्या बहिणीने, चिमीने, लिहिले, 'दादा, सोमवारी ऑपरेशन आहे. गाठ काढणार आहेत. फार भीती वाटतेय. येशील ना?'

दादाचे डोळे भरले. दातांनी हातमोजा ओढून त्याने लिहिले, 'समजलं.' मग तडक मुकादमाकडे जाऊन रजा घेतली.

रजेचे चिमीला काय ठाऊक? तिला तो एक कोरडा शब्द दिसला. तिने उत्तर दिले, 'ठीक आहे. काम असेल तर राहू दे. मी बघते माझं.'

"धीर आला म्हणायचा पोरीला," दादा मुकादमाला म्हणाला. जहाज खोळंबले होतेच. त्याने रजा परत केली. मी हातातच होतो, पण फोन लावायला दोघा बहीणभावांच्याही जिवावर आले. कसली ही माणसे!

सोमवारी ऑपरेशनच्या कागदावर शेजारणीने सही केली. गाठ निघाली, पण चिमीने भावाचे नाव टाकले. संध्याकाळी दादाने फोन केला, तो शेजारणीने उचलला.

"तिला बोलायचं नाहीये तुमच्याशी. बहीण रडतेय आणि तुम्ही नुसतं 'समजलं' लिहिता?"

"अहो, म्हणजे येतोच, असं सांगितलं मी."

"मग तोंडाने सांगायचं होतं."

मित्रांनो, आपले माणूस घाबरले असेल तर लिहीत बसू नका. त्याला हाक मारा, नाहीतर उठून त्याच्याकडे जा. ज्याच्या हातात मी आहे, त्याला मात्र हे मला सांगता येत नाही. तो बंदराच्या फाटकाशी बसून माफीचा निरोप लिहितोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय. दवाखान्याकडे जाणारी बस समोर थांबली आणि निघून गेली. या गड्याने मानसुद्धा वर केली नाही.