त्रिमोची जागा

१९८३ साली ईद जुलैत आली, मिठाच्या ऐन हंगामात. ईदेनंतर आठव्या दिवशी वातुसारी या किनाऱ्यावरच्या गावात घरोघरी केतुपात व्हायचा. नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, आणि वर नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी शेजारच्या कालिपुचुंगशी फुटबॉलची फायनल होती. सरपंचांनी बजावलं होतं, "चषक आला तर मैदान तुमचं. नाही आला तर पुढच्या महिन्यात तिथे मिठागर."

लास्मिनीचा नवरा जुमादी संघाला शिकवायचा. गोल करणारे गडी त्याच्याकडे तीन होते, पण जीव एकट्या त्रिमोवर. दार्सोनोला तर त्याने हंगामभरासाठी कालिपुचुंगलाच उसना देऊन टाकला. म्हणाला, "घरात वाघ असताना मांजरं कशाला पोसायची?" उरला वागियो, लास्मिनीचा धाकटा भाऊ. मेहुणा म्हणून संघात होता, पण तीन वर्षं बाकावरच.

"अहो, एकखांबी तंबू वाऱ्यात टिकतो का?" लास्मिनीने विचारलं होतं.

"तू रस्सा बघ. तळाला लागेल."

फायनलच्या सकाळी त्रिमो रिवाजाप्रमाणे वडीलधाऱ्यांची क्षमा मागायला घरोघर निघाला. प्रत्येक घरी ताट तयार. "आज गोल करायचाय बाबा, आणखी एक घे!" नको म्हणावं तर त्या घराचा अपमान. लास्मिनीकडे पोचला तेव्हा घास गिळताना त्याने डोळे मिटले. तिने ते पाहिलं, तरी हात आखडला नाही. आणखी एक केतुपात सोलून ताटात टाकला.

दुपारी मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. त्रिमोने लवकरच गोल मारला. थोड्या वेळाने दार्सोनोने तो फेडला आणि मान खाली घालून परत फिरला. मध्यंतरानंतर त्रिमोची पावलं जड झाली. मग तो पोट धरून वाकला.

"ए त्रिमो, सुईण बोलवू का?" कालिपुचुंगची माणसं खिदळली.

जुमादी जागचा हलेना. बायका खेळाडूंच्या बाकापर्यंत जात नसत. लास्मिनी गेली.

"अहो, बाहेर घ्या त्याला."

"आणि घालू कुणाला?"

"बाकावर माणूस बसलाय ना!"

"हा?"

"हाच. का नुसता पाणी वाहायला ठेवलाय?"

तेवढ्यात त्रिमो गवतावर ओकला आणि प्रश्नच मिटला. वागियो बुटाची नाडी बांधू लागला, पण गाठ बसेना.

"म्बाक," त्याने बहिणीला विचारलं, "बॉल येईल ना माझ्याकडे?"

"येईल रे. पळ तू."

बॉल आला नाही. तीन वर्षं सगळ्यांनी डावीकडे, त्रिमोच्या जागीच बॉल टाकला होता. पाय अजूनही तिकडेच वळत होते. वागियो उजवीकडे मोकळा, हात वर करून बोंबलतोय, आणि बॉल रिकाम्या गवतावर.

"उजवीकडे! अरे, उजवीकडे बघा!" जुमादीचा घसा बसला.

खेळ संपत आला तेव्हा कुणीतरी एकदा ऐकलं. वागियोने बॉल अडवला, गोलरक्षकाला चुकवलं, मारला. खांबाला आपटून बॉल परत आला. कालिपुचुंगच्या गड्याने तो तसाच लांब भिरकावला. पुढे दार्सोनो एकटा उभा होता. त्याचा नेम चुकला नाही.

"आपलीच सुरी, आपलाच गळा," मागून एक म्हातारा म्हणाला.

दार्सोनोने सदरा तोंडावर ओढून घेतला.

पुढच्या महिन्यात मैदानात समुद्राचं पाणी सोडलं. सरपंच नंतर निवडणूक हरले, मिठागर मात्र राहिलं. त्रिमो सेमारांगला ट्रक चालवू लागला. दार्सोनो कालिपुचुंगचाच जावई झाला. वागियो मासेमारीला गेला. त्या खांबाबद्दल तो कधी बोलला नाही.

जुमादी ओहोटीच्या वाळूत पोरांना शिकवू लागला. तिथे पुढे खेळायची पाळी सगळ्यांना, अगदी रडक्यालासुद्धा. लास्मिनी काठावर बसून बघायची. कुणी सुटलं की ओरडायची, "अहो, ते हिरव्या सदऱ्यातलं पोर राहिलं!"

जुमादी शिट्टी वाजवायचा आणि हिरव्या सदऱ्याला पुढे पाठवायचा.