गिरणीतली समई

"तेवली. पाहा ना जी, झिंगूची तेवली."

कंप्युटरच्या खोलीबाहेर शंभर माणसं काचेला नाक लावून उभी होती. हौदावरच्या बाया, बॉयलरवरचे गडी, कोंडा भरणारे, हमाल. मूल गावच्या भय्याजींच्या राइस मिलचा भोंगा वाजून अर्धा तास झाला होता आणि एक पट्टा फिरत नव्हता. काचेपलीकडे हार घातलेला कंप्युटर. त्याच्यापुढे पाटावर दोन पितळी ताटल्या, त्यांतून निघालेली एक वायर. माणसाने दोन्ही तळहात ताटल्यांवर ठेवायचे, डोळे मिटायचे, की पडद्यावर समई उमटायची. मन स्वच्छ असेल तर ज्योत सोन्यासारखी सरळ. मन मलीन असेल तर ज्योत थरथरायची, काळवंडायची आणि सगळ्यांदेखत विझायची.

झिंगू कोंड्याच्या ढिगामागे बारदान पांघरून झोपतो, हे एकटे मालक सोडले तर अख्ख्या गिरणीला माहीत होतं. त्याची समई तेवली. बाजूचं मशीन खरखरलं आणि कागद बाहेर आला.

नाव: झिंगू. खाते: कोंडा.
मनःशुद्धी: ९४.
मालकाविषयी भाव: पूज्य.
शेरा: इतरांनी आदर्श घ्यावा.

"साला, मले बी आजच समजलं," झिंगू म्हणाला. लोक हसले. पण हसता हसता त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. छापील होतं ना.

हजेरीच्या खिडकीत बसलेली शगुफ्ता हसली नाही.

तिचं काम सोपं होतं. भिंतीवर लाकडी रॅक, रॅकमध्ये प्रत्येकाचं पिवळं कार्ड. कार्ड रॅकमध्ये, तर माणूस कामावर. कार्ड ड्रॉवरमध्ये, तर माणूस कामावर नाही. यंत्र आलं त्या दिवसापासून ड्रॉवर भरत चालला होता. दहा कार्डं झाली होती. प्रत्येक कार्ड तिने स्वतःच्या हाताने काढलं होतं, आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, आपल्याला काय समजतं यातलं.

अकराव्या कार्डाची पाळी मीराबाईची होती.

मीराबाई बावीस वर्षं हौदावर होती. धान आधी हौदात भिजतं, मग वाफेवर उकडतं, मग ओट्यावर वाळतं. त्यातलं पहिलं, ओलं, थंड काम तिचं. तिची समई दोनदा विझली होती. तिसऱ्यांदा विझली की कार्ड ड्रॉवरमध्ये. घरी पोरगी रिना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि घरात कमावणारी मीराबाई एकटी.

"मी दीक्षा घेतलेल्याची लेक," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "दगडापुढं हात जोडाले लावले नाई आमच्या बापानं. आन् आता या डब्ब्यानं मले मलीन ठरवलं. काऊन वं शगुफ्ता? मी काय केलं?"

शगुफ्ताने मीराबाईचं कार्ड रॅकमध्ये नीट आत ढकललं. तिची चिडचिड होत होती.

*

यंत्र आणणारे उदयन सर. आडनाव लावत नसत. गळ्यात टाय, टायखाली रुद्राक्ष. २००२ साल होतं. नागपुरात म्हणे मोठमोठ्या कंपन्या त्यांना बोलावत. हौदावरच्या बाया रजा फार घेतात, कामात मन नाही, अशी भय्याजींची तक्रार. सरांनी ती ऐकून डोळे मिटले होते आणि उघडल्यावर म्हणाले होते:

"भय्याजी, मशीनला तेल घालता. माणसाच्या मनाला काय घालता? आपल्या ऋषींनी जे ध्यानात पाहिलं, तेच जर्मन शास्त्रज्ञांनी चिपमध्ये बसवलंय. पेशी खोटं बोलत नाही. पेशीचं कंपन तळहातात उतरतं, तळहातातून ताटलीत, ताटलीतून सॉफ्टवेअरमध्ये. कर्मचारी सुखी की दुःखी, आता त्याला विचारायची गरजच उरली नाही."

भय्याजींना हे शेवटचं फार आवडलं.

ज्यांची समई विझे त्यांना तीन दिवस बिनपगारी शिबिर. गोदामात सतरंजीवर बसायचं, श्वास घ्यायचा, सोडायचा, मालकाचा फोटो डोळ्यांपुढे आणायचा. तिसऱ्या दिवशी सर आपल्या हाताने तळहातांवर सुगंधी भस्म चोळत आणि ताटलीवर ठेवायला सांगत. आणि काय सांगावं, विझलेली समई तेवायची. बाया रडायच्या. मुकादम रामाजी तर सरांच्या पाया पडला होता. आठ दिवसांनी त्याच बायांची तीच समई पुन्हा विझे, तेव्हा सर खिन्न हसत. "शिबिरात शुद्ध झालात, घरी जाऊन पुन्हा मळलात."

आता ही दारावरची पाटी वाचा. सगळे वाचत होते, रोज. शगुफ्ताने तर ती स्वतः लिहिली होती.

सूचना
कंप्युटर रूममध्ये चपला घालून येऊ नये.
हात स्वच्छ धुऊन आत यावे.

त्या वेळी कंप्युटरची अशीच बडदास्त असे. गिरणीत एकुलता एक एसी होता तो त्याच्यासाठी. मखमली झाकण होतं, धूळ लागली तर मशीन बिघडतं अशी भीती होती. म्हणून दाराशी नळ. कामगार निमूट चपला काढत, नळावर कोपरापर्यंत हात धूत, खुंटीवरच्या एकाच टॉवेलला पुसत. दहाव्या माणसापर्यंत तो टॉवेल पिळला तर पेलाभर पाणी निघावं. ऑफिसातली माणसं मात्र आतल्या दाराने येत. त्यांना नळ नव्हता.

*

संध्याकाळी शगुफ्ताने ड्रॉवर उघडला, दहा कार्डं टेबलावर मांडली, सगळ्यांचे छापील निकाल शेजारी घेतले आणि शिबिरातले तेवढे सोडून कागदावर लिहीत गेली.

हौद: विझल्या एकोणीस. तेवल्या शून्य.
बॉयलर: विझल्या सात. तेवली एक (पोचू).
कोंडा: विझल्या दोन. तेवल्या अकरा.
ऑफिस: सगळ्या तेवल्या.

एकाच गिरणीत सगळं पाप हौदावर आणि सगळं पुण्य ऑफिसात? अल्ला असं वाटप करत नाही, असं तिचे अब्बा कमरुद्दीन म्हणाले असते. ते मूलच्या बाजारात टेलर होते आणि माप घेतल्याशिवाय कोणाला जाड-बारीक म्हणत नसत.

सकाळी तिने झिंगूला गाठलं.

"झिंगूभाऊ, तुमी आत जाताना काय केलं होतं? मंत्रबिंत?"

"कायचा मंत्र. कोंडा भरत होतो, हाक आली, गेलो."

"हात धुतले?"

झिंगूने इकडेतिकडे पाहिलं. "कोणाले सांगू नोको बाई. थंडीचं पाणी हाताले कोण लावते? तसाच घुसलो. कोंड्यावरचे बहुतेक तसेच घुसतेत."

बॉयलरवाला पोचू म्हणाला, "धुतले ना. पण मांग राख काढाची राह्यली होती, ते काढली आन् गेलो. झटकले हात."

शगुफ्ता खिडकीत परत आली. समोर फाटकाशी धानाचा ट्रॅक्टर लागला होता. रामाजी मुकादमाने पोत्यात हात घालून मूठभर धान काढलं, ओल मोजायच्या मीटरच्या वाटीत भरलं, झाकण आवळलं. काटा सरकला.

"सतरा," रामाजी ओरडला. "ओला आहे धान. वाळवून आणा."

हे ती आठ वर्षं ऐकत होती. दिवसातून तीसदा. आज तिचं पेन थांबलं.

ती उठून फाटकाशी गेली. "रामाजीभाऊ, हा काटा कायनं सरकते?"

"करंटनं. आत शेल आहे. ओल्या धानातून करंट जास्त जाते, वाळल्यातून कमी. एवढं बी माहीत नाई तुले?"

"माहीत होतं," शगुफ्ता म्हणाली. "तुमाले बी होतं. आपल्या सगळ्याईलेच होतं."

रामाजीला काही कळलं नाही. तिला स्वतःचा इतका राग आला होता की समजावत बसायचा धीर नव्हता.

*

सोमवारी मीराबाईची तिसरी पाळी. भय्याजी खुर्चीवर, सर उभे, काचेबाहेर अख्खी गिरणी. मीराबाईने चपला काढल्या, नळाकडे वळली.

"थांबा," शगुफ्ता म्हणाली. तिच्या हातांत दोन वाट्या होत्या. "भय्याजी, मीराबाईच्या आंधी मले एक पाहू द्या. एकाच पोत्यातलं धान आहे. एक वाटी हौदातून काढली, एक ओट्यावरून. दोनी वाट्या ताटल्यांवर ठेवतो."

सर हसले. "मुली, हे चेतनेचं यंत्र आहे. धानाला मन नसतं."

"मंग तर समई उमटणारच नाई. भ्याचं काऊन?"

बाहेर कोणीतरी खाकरलं. भय्याजींनी मान हलवली. त्यांनाही पाहायचं होतंच. शगुफ्ताने हौदातलं धान दोन्ही ताटल्यांवर पसरलं आणि मधल्या फटीवरही थापलं, जसे दोन हात एका अंगाने जोडलेले असतात तसं. समई उमटली. थरथरली. विझली. सरांनी मीराबाईचा फॉर्म आधीच उघडून ठेवला होता, त्यामुळे कागदही निघाला.

नाव: मीराबाई. खाते: हौद.
मनःशुद्धी: ११.
मालकाविषयी भाव: द्वेष. कुटुंबात कलह.
शेरा: तात्काळ शिबिर आवश्यक.

शगुफ्ताने तो मोठ्याने वाचला. मग ताटल्या कोरड्या पुसल्या आणि ओट्यावरचं वाळलेलं धान तसंच पसरलं. समई सरळ, सोनेरी. मनःशुद्धी ९६.

"झिंगू, तुझ्यापक्षा हुशार निघालं बे धान," बाहेरून पोचू म्हणाला.

"त्या धान्याला हौदावरच्या बायांच्या हातांचा स्पर्श झालाय," सर भराभर बोलू लागले. "त्यांची नकारात्मक स्पंदनं..."

रामाजी मुकादम पुढे आला. ज्या माणसाच्या पाया तो पडला होता, त्याच्याकडे त्याने पाहिलं नाही. तो ताटल्यांपाशी वाकला, वायर पाहिली, मग स्वतःच्या पिशवीतलं ओल मोजायचं मीटर काढून बाजूला ठेवलं.

"भय्याजी," तो हळू म्हणाला, "हे आपलं मीटरच आहे. फक्त याले टीव्ही लावला आहे."

यापेक्षा जास्त त्यात काही नव्हतं. एका ताटलीतून बारीकसा करंट निघतो, माणसाच्या अंगातून दुसऱ्या ताटलीत जातो. हात ओला असेल, घामेजला असेल, तर जास्त जातो. कोरडा असेल तर कमी. जास्त गेला की समई विझवायची, कमी गेला की तेववायची, असं कंप्युटरला शिकवलेलं. भस्माचं काम फक्त हात कोरडा करण्याचं. बॉयलरच्या राखेनेही तेच होतं. पोचूने ओंजळभर राख आणून दिली. मीराबाईने ती हाताला चोळली, झटकली, ताटल्यांवर हात ठेवले. तिची समई तेवली. बावीस वर्षांची निष्ठा एका चिमटीत सिद्ध झाली.

मीराबाईला आनंद झाला नाही. ती भय्याजींकडे वळली.

"भय्याजी, तुमी बी हात धुवा ना. पाटी सगळ्याईले एकच आहे."

शंभर माणसं पाहत होती. भय्याजी उठले, नळावर हात धुतले, त्या ओल्या टॉवेलला पुसले आणि ताटल्यांवर ठेवले. समई विझली. मशीन खरखरू लागलं. कागद पूर्ण निघायच्या आत सरांनी वायर ओढली.

दुपारच्या बसने सर गेले. जाताना म्हणाले, या परिसराची पातळी अजून तेवढी झालेली नाही.

*

भय्याजी खुर्चीवर बसून राहिले. मग खरंच बुचकळ्यात पडल्यासारखे म्हणाले, "पण मंग आता समजंल कसं? कोणाचं मन कामात नाई, ते?"

शगुफ्ताला वाटलं, समोरची वाटी आपटावी. "विचारा ना," ती म्हणाली. "समोर तं उभी आहे."

भय्याजींनी विचारलं. मीराबाईच्या तोंडाकडे न पाहता, पण विचारलं.

मीराबाईने हात पुढे केले. बोटांची सालं निघालेली, बेचक्यांत पांढऱ्या भेगा, नखं कुजलेली. बाहेर हौदावरच्या बाकीच्या बायांनी काचेवर हात ठेवले. तसेच, सगळे.

"रात्री आग होते जी. ताप चढते, तवा रजा घेतो. रबराचे हातमोजे पायजेत. आन् आठवड्यानं पाळी बदला, हौदावरून ओट्यावर. एवढंच. दोन वर्षं झाली, सूचनेच्या डब्ब्यात टाकून राह्यलो चिठ्ठ्या."

डबा उघडायला किल्ली सापडेना. कुलूप तोडावं लागलं. चिठ्ठ्या होत्या. काहींना वाळवी लागली होती.

हातमोजे आले, पंधरा दिवसांनी, एक माप मोठे. मीराबाईचं कार्ड रॅकमध्येच राहिलं. ड्रॉवरमधली दहाही शगुफ्ताने परत लावली. सहाजण आले. चौघं आले नाहीत. कोलू आणि त्याची बायको मिरची तोडायला आंध्रात निघून गेले होते, मुखरूचा पत्ताच नव्हता, इसरूने निरोप पाठवला की ज्या गिरणीत चारचौघांत मलीन म्हटलं तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही. चार पिवळी कार्डं रोज सकाळी रॅकमध्ये कोरीच उभी असत. बायांपैकी दोघीतिघींनी भस्माची पुडी अजून घरी जपून ठेवली आहे, असं मीराबाई सांगते आणि कपाळाला हात लावते.

उद्या तुमच्या कारखान्यात, ऑफिसात, शाळेत असंच यंत्र येईल. समईऐवजी त्यात आलेख असेल, ताटल्यांऐवजी मनगटावरचा पट्टा असेल, रुद्राक्षाऐवजी नुसताच टाय. घाबरू नका आणि भाळूही नका. ते नेमकं काय मोजतं, एवढं एकच विचारा. ते सांगता येत नसेल, तर मूठभर ओलं धान घेऊन जा. आणि माणसाला काय दुखतं हे जाणायचं असेल, तर त्याचा हात ताटलीवर ठेवण्याआधी एकदा उलटा करून बघा.