माझ्या मानेला लोहचुंबक चिकटलं त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची कळशी आहे. माझ्या पोटात एकदा अख्खी पंचगंगा मावली होती असं मी सांगत असते, ते सोडून द्या. पण पुढचं सगळं खरं आहे, आणि ते सांगताना आजही माझा काठ तापतो.

कारखान्यात मी आधी चपटी चकती होते. यंत्राने मला साच्यात दाबून खोल ओढलं, मग मान आवळली. बूड तेवढं निवांत राहिलं. अशा ओढाताणीत पत्र्यातले बारीक कण आपली मांडणी बदलतात आणि चांगल्या स्टीललाही तिथे लोहचुंबक चिकटू लागतं. ती सोसल्याची खूण आहे, खोटेपणाची नव्हे.

पण हे सयाजीरावांना कोण सांगणार? १९९६ साली कोडोलीच्या चिमणाबाईंनी लेक दीप्तीच्या लग्नात मला दिलं. अंगावर कोरून घेतलं, 'चि. दीप्तीस आईकडून'. दीप्तीचे सासरे सयाजीराव वारणानगरच्या कॉलनीत राहत आणि फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक खिशात घालून फिरत. भर पाहुण्यांत त्यांनी ते माझ्या मानेला लावलं. चिकटलं.

"स्टील न्हाय हे, लोखंड हाय," ते म्हणाले. "विहीणबाईंनी फसवलं की आपल्याला."

चिमणाबाई उठल्या, त्या पुन्हा त्या घराची पायरी चढल्या नाहीत. मला मोरीत टाकलं. शेजारची लोखंडी बादली गंजून बुडातून गेली, तिच्या जागी आलेली दुसरीही गेली. माझ्यावर डाग नाही. कुणी बघितलं?

पुढे २००४ साली सयाजीरावांनी कोल्हापुरातून स्टीलचा तांब्या आणला. "अस्सल. बघा, पडतंय." लोहचुंबक त्यांनी तांब्याच्या बुडाला लावलं होतं.

"मामा, मानेला लावा की," दीप्ती म्हणाली.

लावलं. चिकटलं. मग तिने मोरीतून मला आणून उपडी केली आणि तेच लोहचुंबक माझ्या बुडाला लावलं. ते घसरून फरशीवर पडलं.

सासूबाई म्हणाल्या, "तांब्याला बी मोरीत जागा करू का?"

सयाजीराव पुटपुटले, "विहीणबाईंना निरोप धाड. जेवायला या म्हणावं."

"निरोप न्हाय, मामा. तुमी जावा."

गेले. सायकलच्या कॅरियरला मला बांधून कोडोलीला गेले. चिमणाबाई दारातच उभ्या राहिल्या. आधी माझ्यावरचं नाव पदराने पुसलं, मग त्यांच्याकडे बघितलं.

"खिसा रिकामा करा पावणं, मग आत या."

तेव्हा मित्रांनो, मला राखेने घासा, आपटा, पोचे पाडा, मी सोशीन. पण एका जागी लोहचुंबक लावून कुणाच्या आईला खोटं ठरवू नका. आधी उपडं करून बूड बघा.