सैल जोडे

जोडे सैल करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला जोडेवाला आधी खुर्चीवर बसवायचा, मोजा उतरवायला लावायचा आणि घोट्यावर अंगठा दाबायचा. खळगा पडून तसाच राहिला, की म्हणायचा, "जोड्यांचं मी बघतो. तुम्ही आधी लघवी आणि रक्त तपासून या." लोक हसायचे. "जोडे शिवतोस की दवाखाना चालवतोस?" म्हणायचे. एक बाई तर जोडे उचलून तरातरा समोरच्या दुकानात गेली. जाईना का!

हे वेड त्याला उगाच लागलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचे पाय सुजायला लागले. ती लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायची. पाय सुजणारच, त्यात काय एवढं! आणि नवरा जोडेवाला असताना काळजी कसली? त्याने तिचे जोडे कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर, चढवून ताणले. चार महिन्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं. मग चामड्याचा तुकडा जोडून पट्टाच लांब केला आणि वर मोठ्या कौतुकाने विचारलं, "बघ, कुठे टोचतंय का?" टोचत नव्हतं. दुखतही नव्हतं, हीच तर या आजाराची लबाडी. एके दिवशी ती इस्त्रीच्या टेबलाशीच कोसळली, तेव्हा कळलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलीत. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असतात, तर कदाचित गोळ्यांवर निभावलं असतं." आता बोला! कामात एवढा हुशार माणूस, आणि घरात ठार आंधळा.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-चार तास ती यंत्राशेजारी पडून राहायची, आणि पाणी प्यायचं तेही मोजून. आशा एकच होती: तिची थोरली बहीण आपलं एक मूत्रपिंड द्यायला तयार झाली होती. रक्तगट जुळला होता. बाकीच्या तपासण्यांची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली होती. "त्यानंतर मी पहिल्यांदा मोठा पेला भरून पाणी पिणार, घटाघटा," असं बायको रोज म्हणायची.

आणि एका दुपारी ती ताईच पिशवीत जोडे घेऊन दुकानात आली.

"भाऊजी, एवढे सैल करून द्या हो. वय झालं, आता पायही जाड व्हायला लागले."

त्याने जोडा कलबुतावर चढवला. तिच्या पायांकडे बघितलंच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवायची ती खुर्ची आज त्याने पुढे केलीच नाही. तपासलं, की बायकोची आशा संपली. नाही तपासलं, तर दोन महिने कुणाला काही कळणार नव्हतं, आणि बायको आणखी दोन महिने त्या पेल्याची स्वप्नं बघत राहिली असती. पण ते दोन महिने ताईच्या अंगावर निघाले असते. कलबुताचा स्क्रू फिरवता फिरवता त्याचा हात थबकला. मागच्या वेळी आपण हेच केलं होतं, हे त्याला लख्ख आठवलं.

"ताई, मोजे काढा."

"अगंबाई, माझ्यावरही डॉक्टरकी?" ती हसली.

त्याने अंगठा दाबला. खळगा पडला. दोघं बघत राहिली, पण तो भरून येईना. ताईचं हसू मावळलं.

"तिला काही बोलू नका," ती हळूच म्हणाली. "मी देणार म्हणजे देणार."

"आधी तपासणी," म्हणत त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि तिला दवाखान्यात नेलं.

चार दिवसांनी निकाल आला. ताईच्या मूत्रपिंडांना दुखणं लागलं होतं, पण नुकतंच. गोळ्या, कमी मीठ आणि ताब्यात ठेवलेलं ब्लडप्रेशर, एवढ्यावर निभावेल, असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंड द्यायचा मात्र विषयच उरला नाही.

हे बायकोला सांगायचं कसं? ती यंत्राला जोडलेली असतानाच तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

ती नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे बघत राहिली. "बरं झालं," ती म्हणाली. "ताई वाचली." तिच्या डोळ्यांना धार लागली, पुसायला एकच हात मोकळा होता. मग ती त्याच्याकडे वळली.

"तिचे पाय एकदा बघितलेत आणि तुम्हाला कळलं. माझे तर रोज बघत होतात हो."

त्याने तिच्या पायांवरून सरकलेलं पांघरूण नीट करायला हात पुढे केला. तिने पाय आत ओढून घेतले.